मेझ (कागदावरचं वाट शोधायचं कोडं) सोडवून आयक्यू वाढतो? नाही हो!

"मुलांना रोज एक मेझ द्या, आयक्यू वाढेल" असलं फॉरवर्ड कायम फिरत असतं, पण तसं काही होत नाही. झालंय काय, 1914 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ स्टॅनली पोर्टियस यांनी मुलांची चाचणी घ्यायला मेझ वापरले, पुढे मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीतही ते आले, आणि लोकांनी मोजपट्टीलाच उंची वाढवायचं औषध करून टाकलं! सरावाने मूल मेझमध्ये पटाईत होतं, गणितात आपोआप नाही. खरा फायदा छोटासा आहे, वळणावर पेन्सिल रेषेला न लावता फिरवणं, पुढे वाट बंद आहे का ते आधी नजरेने बघणं. आणि पोरगं शेवटाकडून उलटं सोडवत असेल तर ओरडू नका, ती चीटिंग नाही, डोकं लावलंय त्याने.