टेलिथॉन वेगळा, तासाभराचा मदत-कार्यक्रम वेगळा

2008 च्या सप्टेंबरचा पहिला आठवडा. अमेरिकेत 1 तारखेला, लेबर डे या कामगार दिनाच्या सुट्टीच्या सोमवारी, विनोदी अभिनेता जेरी लुईसचा टेलिथॉन, म्हणजे देणग्या गोळा करण्यासाठी तासन्तास चालणारा टीव्हीवरचा कार्यक्रम, संपला. स्नायूंच्या दुर्धर आजारांसाठी काम करणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशनसाठी, म्हणजे एमडीएसाठी, तो दरवर्षी व्हायचा. साडेएकवीस तासांनंतर फलकावर शेवटचा आकडा आला 6 कोटी 50 लाख 31 हजार 393 डॉलर. चारच दिवसांनी, शुक्रवारी रात्री, 'स्टँड अप टू कॅन्सर' हा कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी उभारणारा कार्यक्रम एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिन्ही मोठ्या वाहिन्यांवर एकाच वेळी लागला. तो जेमतेम एक तासाचा, आणि त्याच्या नावावर 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम.

दोन्हींत गाणी होती, नामवंत कलाकार होते, रुग्णांच्या कहाण्या होत्या. त्यामुळे दोन्हींना सरसकट टेलिथॉन म्हणायचं आणि मग 'ताशी किती जमले' असा हिशेब मांडायचा, हे सहज घडतं. त्या हिशेबात टेलिथॉन अगदीच दुबळा ठरतो. हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो, कारण त्या दोन आकड्यांमागे पैसे येण्याच्या वाटाच निराळ्या आहेत.

आधी टेलिथॉन. लुईसचा लेबर डे टेलिथॉन 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू झाला आणि पुढे देशभरातल्या दोनशेच्या आसपास स्थानिक वाहिन्यांवर पसरला. राष्ट्रीय कार्यक्रम अधूनमधून थांबायचा आणि प्रत्येक वाहिनी आपल्या शहरातला सूत्रसंचालक, आपले फोन, आपल्या भागातले रुग्ण दाखवायची. अग्निशमन दलाचे जवान 1950 च्या दशकापासून चौकाचौकात आपले बूट पुढे करून एमडीएसाठी पैसे गोळा करत आले आहेत. त्यांचे धनादेश याच मंचावर दिले जायचे, कंपन्यांचेही. म्हणजे फलकावरचा सगळा आकडा त्या रात्रीच्या फोनमधून आलेला नसायचा. वर्षभर देशभर जमलेली वर्गणी त्या दिवशी सगळ्यांसमोर मोजली जायची. लांबीचं कारणही यातच आहे. इतक्या गावांना आपापली वेळ द्यायची तर तास-दोन तास पुरणार कसे? शिवाय पहाटेपर्यंत दमलेला, आवाज बसलेला सूत्रसंचालक समोर दिसत राहिला की फोन न उचललेल्या माणसालाही वाटायचं, आपणही काही द्यावं.

'स्टँड अप टू कॅन्सर'ची जडणघडण याच्या उलट. ती करमणूक उद्योगातल्याच माणसांनी उभी केली. चित्रपट निर्मात्या लॉरा झिस्किन स्वतः स्तनाच्या कर्करोगाशी लढत होत्या, आणि वृत्तनिवेदक केटी कुरिक यांचे पती 1998 मध्ये आतड्याच्या कर्करोगानं गेले होते. मे 2008 मध्ये मोहिमेची घोषणा झाली तेव्हाच मोठे देणगीदार जोडले जात होते. मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉल संघटना तर संस्थापक देणगीदार. त्यामुळे प्रसारणाच्या रात्री जाहीर झालेल्या रकमेत आधीच शब्द दिलेल्या मोठ्या देणग्या होत्या आणि प्रेक्षकांचे पैसे त्यांच्या जोडीला आले. एका तासात 10 कोटी 'जमले' असं म्हणणं म्हणूनच फसवं आहे. त्या तासाचं खरं काम प्रतिस्पर्धी वाहिन्यांना जाहिरातींविना एकत्र आणण्याचं होतं, म्हणजे रिमोट फिरवला तरी समोर तोच विषय राहावा.

पैशाची वाट वेगळी म्हणून त्याचा उपयोगही वेगळा. एमडीएच्या आसऱ्याला असलेल्या मुलांना दरवर्षी दवाखाना लागतो, चाकाची खुर्ची लागते, उन्हाळी शिबिर लागतं. त्यासाठी दरवर्षी ठरलेल्या दिवशी येणारी वर्गणीच बरी. कर्करोगाचा कार्यक्रम मात्र पुढे 2010, 2012, 2014 असा एक वर्ष सोडून होत गेला. अशा मोठ्या आणि विरळ रकमा मुदतीच्या संशोधनाला शोभतात. मे 2009 मध्ये पहिल्या पाच 'ड्रीम टीम', म्हणजे संशोधकांचे गट, जाहीर झाल्या, तीन वर्षांसाठी एकूण 7 कोटी 36 लाख डॉलर. अट अशी की वेगवेगळ्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी एकाच प्रश्नावर एकत्र काम करायचं आणि निष्कर्ष लवकरात लवकर रुग्णापर्यंत न्यायचे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फरक मात्र पैशाचा नाही, रुग्ण पडद्यावर कसा येतो याचा आहे. टेलिथॉनमध्ये लहान मुलं पुढे असत. 'जेरीज किड्स', म्हणजे जेरीची मुलं, हे त्यांचं नाव देशभर माहीत होतं. त्या नावात माया होती हे मी नाकारणार नाही, पण त्यात आयुष्यभराचं लहानपणही होतं. 1981 मध्ये इव्हन केम्प या वकिलांनी, जे स्वतः स्नायूंच्या आजारामुळे चाकाची खुर्ची वापरत, न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या दयेला हरकत घेतली. दया मागणारा कार्यक्रम अपंगांबद्दलचे पूर्वग्रहच पक्के करतो, हा त्यांचा मुद्दा. नोकरी मागायला गेलेल्या प्रौढ माणसाकडे समोरचा टीव्हीवरच्या त्या मुलाच्या नजरेनं पाहत असेल, तर जमलेल्या पैशातून त्याची भरपाई होत नाही. केम्प यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. खुर्च्या आणि दवाखाने त्याच पैशातून आले, हेही तितकंच खरं, म्हणून हा प्रश्न अवघड होतो.

2008 च्या कर्करोगाच्या कार्यक्रमाची सुरुवात चित्रपट अभिनेते पॅट्रिक स्वेझी यांनी केली. त्याच वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं. ते रुग्ण होते आणि तेच आवाहन करत होते, मध्ये कुणी कनवाळू यजमान नव्हता. सभागृह उभं राहिलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. रुग्णानं स्वतःच्या तोंडानं बोलणं ही या प्रकाराची ताकद. तरी त्यालाही मर्यादा आहे: तासाभरात बोलायला मिळतं ते बहुधा आधीच प्रसिद्ध असलेल्यांना. गावातल्या वाहिनीवर दिसणारा गावातला रुग्ण इथे मावत नाही.

नावावरून ओळखायला जाल तर मात्र गोंधळ वाढेल. ब्रिटनमध्ये 2012 पासून कॅन्सर रिसर्च यूके आणि चॅनल 4 'स्टँड अप टू कॅन्सर' याच नावानं मोहीम चालवतात, पण तिथला थेट कार्यक्रम संध्याकाळभर रंगतो, टेलिथॉनच्या अधिक जवळचा. एमडीएचा प्रवास उलट्या दिशेनं झाला. 2010 नंतर लुईस यजमान राहिले नाहीत, 2011 मध्ये कार्यक्रम सहा तासांवर आला, 2012 मध्ये तीन तासांवर, आणि नाव झालं 'शो ऑफ स्ट्रेंथ'. शेवटी तो दोन तासांचा उरला आणि 2015 मध्ये संस्थेनं बंद केला. लोकांची दान देण्याची सवय इंटरनेटकडे वळल्याचं कारण देताना तिनं आदल्या वर्षीच्या आइस बकेट चॅलेंजचा, म्हणजे डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेतानाचे व्हिडिओ टाकत देणग्या मागणाऱ्या ऑनलाइन मोहिमेचा, उल्लेख केला. 2020 मध्ये विनोदी अभिनेते केव्हिन हार्ट यांनी एमडीएसाठी टेलिथॉन पुन्हा आणला. तो ऑनलाइन होता आणि दोन तासांचा: नाव लुईसच्या परंपरेचं, पण बांधणी त्या दुसऱ्या प्रकारची.