रिपोर्टवर ‘एस’ लिहिलंय की ‘एन’?

कोरोना लसीचे डोस पूर्ण झाले, तरी रिपोर्ट म्हणतो ‘अँटिबॉडी निगेटिव्ह’. लस वाया गेली असं ठरवण्याआधी चाचणीचं पूर्ण नाव वाचा. ‘अँटी-एन’ असेल, तर ती चाचणी बहुधा तुमच्या लसीसाठी नव्हतीच.

कोरोना विषाणूवर बाहेरून जे काटे दिसतात ते स्पाइक प्रथिन, म्हणजे एस. आत सुमारे 30,000 अक्षरांचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, असतो. त्याला गुंडाळून ठेवणारं प्रथिन न्यूक्लिओकॅप्सिड, म्हणजे एन. संसर्ग झाला की शरीर सहसा दोन्हींविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. लक्षणं दिसल्यापासून दोन-तीन आठवड्यांत त्या बहुतेकांच्या रक्तात सापडतात. चौथ्या दिवशीच रक्त दिलं तर दोन्ही निगेटिव्ह येणं साहजिक आहे.

कामं मात्र निराळी. स्पाइकचा शेंडा पेशीवरच्या एसीई2 या प्रथिनाला चिकटतो आणि विषाणू आत शिरतो. त्या शेंड्यावर अँटिबॉडी बसली की चिकटायला जागाच उरत नाही. एन पडलं आवरणाच्या आत. विषाणू अखंड असेपर्यंत अँटिबॉडी तिथवर पोचतच नाही. तिचा उपयोग साक्षीदारासारखा. एमआरएनए आणि (कोविशील्डसारख्या) अ‍ॅडिनोव्हायरसवाल्या लसींत फक्त स्पाइकची माहिती असते, म्हणून अशी लस घेतलेल्याच्या रक्तात एनविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर संसर्ग होऊन गेला असावा. निष्क्रिय केलेल्या अख्ख्या विषाणूच्या (कोव्हॅक्सिनसारख्या) लसीला हा हिशेब लागू नाही, कारण तिच्यात एनही असतं. आणि एन निगेटिव्ह आलं म्हणून ‘मला झालाच नाही’ असंही म्हणता येत नाही: ही पातळी काही महिन्यांत उतरू शकते, आणि लसीनंतर संसर्ग झालेल्या काहींमध्ये ती पुरेशी चढतच नाही.

खरा घोळ आकड्यांचा, कारण प्रत्येक किट-कंपनीचं एकक वेगळं. रॉशच्या एस-चाचणीत 0.8 यू/मिली पासून पॉझिटिव्ह, अ‍ॅबॉटच्या एस-चाचणीत 50 एयू/मिली पासून. अ‍ॅबॉटच्या आकड्याला 0.142 ने गुणलं की बीएयू/मिली (वेगवेगळ्या चाचण्यांसाठीचं सामायिक आंतरराष्ट्रीय एकक) मिळतात, म्हणजे 200 एयू भरतात जेमतेम 28 बीएयू. रॉशचे 200 यू मात्र ढोबळमानाने 200 बीएयूच. तेव्हा शेजाऱ्याच्या दोनशेशी आपले दोनशे ताडून बघण्यात अर्थ नाही. एनचा आकडा तर बहुतेकदा नुसता निर्देशांक असतो, कट-ऑफच्या (पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमेच्या) किती पट एवढंच सांगणारा. तो मोठा आला म्हणून संरक्षण जास्त, असं नाही.

पातळी चढली की उतरली हे बघायचं असेल, तर दुसऱ्या वेळीही तीच लॅब आणि तेच किट घ्या.