कर्दळीच्या मुळाशी चांदी

खडीचा वाफा करायचा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावायचं, सांडपाणी सोडायचं. झाडं घाण शोषून घेतात आणि पलीकडून स्वच्छ पाणी निघतं. रूट झोन पद्धतीबद्दल सर्रास असं सांगितलं जातं. झाडं थोडं नत्र आणि स्फुरद घेतात हे खरं, पण मुख्य काम मुळांवरचे आणि खडीवरचे जिवाणू करतात.

ही रचना फार सुंदर आहे. पाण्यात बुडालेल्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. म्हणून पाणकणसाच्या पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. त्यातली थोडी हवा मुळांतून झिरपते आणि मुळाभोवती प्राणवायूचं अगदी पातळ अस्तर तयार होतं. या अस्तरात नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू मैलापाण्यातल्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. अस्तराच्या बाहेर प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटच वापरतात आणि नत्र वायू होऊन हवेत परत जातो.

या अस्तरापर्यंत आता चांदीचे नॅनोकण पोचू शकतात. दुर्गंधी रोखण्यासाठी चांदीचे नॅनोकण घातलेल्या मोज्यांतून धुताना चांदी सुटते, हे अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली मोजे धुऊनच दाखवलं. नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात. कण जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि तितके चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, भराभर सुटतात. हे आयन प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतात आणि विकरं (एन्झाइम) निकामी होतात. अमोनियावर जगणारे जिवाणू मुळातच सावकाश वाढतात. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, यांना कित्येक तास लागतात. ते मेले तर अमोनिया तसाच बाहेर पडतो.

पण गंधकाची हीच ओढ पाणथळीच्या कामीही येते, आणि आपला वाफा ही एक छोटी पाणथळच. काळ्या, कुजक्या वासाच्या गाळात सल्फाइड भरपूर असतं. चांदी त्याच्याशी जुळून सिल्व्हर सल्फाइड होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे विषारीपणा बराच उतरतो. ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात उभारलेल्या छोट्या पाणथळींमध्ये नॅनोचांदी सोडून १८ महिने निरीक्षण केलं गेलं. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांत बहुतेक चांदी माती-गाळात सापडली, बरीचशी सल्फाइड होऊन. तरीही गॅम्बुसिया माशांच्या शरीरात ती पोचलीच होती.

'नॅनो सिल्व्हर'चा शिक्का मारून जंतुमुक्तीच्या नावाखाली वाटेल ते विकलं जातं, त्याची चीड येते. चांदी शुद्ध धातू म्हणून तिचं पाणी पिण्याचा सल्लाही दिला जातो. असं पाणी दीर्घकाळ प्यायल्याने त्वचा कायमची निळसर-राखाडी पडू शकते. त्या विकाराला आर्जिरिया म्हणतात.

चांदी गाळात अडकली म्हणजे नाहीशी झाली असं नाही. वाफ्याची खडी चोंदली की गाळ उपसावा लागतो, आणि तो खत म्हणून शेतात जाऊ शकतो. शेतातल्या मोकळ्या हवेत सल्फाइडमधून चांदी पुन्हा हळूहळू सुटू शकते. म्हणून ज्या वाफ्यात कापड प्रक्रियेचं किंवा धुलाई केंद्राचं पाणी येतं, तिथला गाळ शेतात टाकण्याआधी त्यातली चांदी मोजून घ्यायलाच हवी.