साचाबद्ध रकान्यातील कर्सर

फोन, वाहन क्रमांक, पॅन अशी माहिती ठरलेल्या साच्यात घेणाऱ्या डेटाबेस रकान्यात शिरताना कर्सर कितव्या स्थानावर उभा राहतो, त्यासंबंधीची व्यवस्था. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये या साच्याला इनपुट मास्क म्हणतात. त्यात शून्य म्हणजे अंक हवाच, नऊ म्हणजे अंक ऐच्छिक, एल म्हणजे इंग्रजी अक्षर हवेच. रिकाम्या जागी सहसा अधोरेषा दिसतात, पण त्या रकान्यात शिरल्यावरच. तोवर चौकट कोरी असते. ऑपरेटर तिच्या मध्यावर सहज क्लिक करतो आणि कर्सर तिथेच बसतो.

खानदेशातल्या फोन नंबरांत याचा परिणाम चांगला दिसतो. जळगावचा एसटीडी कोड ०२५७, चार अंकी. धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४ आणि भुसावळचा ०२५८२, हे पाच अंकी. म्हणून कोडच्या रकान्याला चार शून्ये आणि शेवटी एक नऊ असा मास्क द्यावा लागतो. आता पहिल्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाच्या जागी क्लिक करून जळगावचा कोड टाइप केला, तर चारही अंक बसतात, नजरेला सगळे ठीक वाटते. पण पहिली सक्तीची जागा रिकामी राहते आणि रकाना सोडताना चूक झाल्याचा संदेश येतो. धुळ्याच्या कोडचा तर शेवटचा अंक मावतच नाही. अशा वेळी दोष मास्कला दिला जातो, तो बहुधा अन्यायच.

ॲक्सेसच्या क्लायंट सेटिंग्जमध्ये रकान्यात शिरताना पूर्ण मजकूर निवडावा, आरंभी जावे की शेवटी, हे ठरवता येते. मात्र ही निवड टॅब, एंटर आणि बाणाच्या कळांपुरती आहे; माऊसला ती लागू नाही. शिवाय ती त्या संगणकावरच्या ॲक्सेसची असते, फाइलची नव्हे. जळगावात नीट केलेली फाइल शहाद्याच्या संगणकावर वेगळी वागू शकते.

माऊससाठी प्रोग्रामचा कोड लिहावा लागतो. सेलस्टार्ट हा गुणधर्म शून्य केला की कर्सर पहिल्या अक्षराआधी येतो. हे गॉटफोकस, म्हणजे रकान्यात शिरताच घडणाऱ्या, घटनेत लिहिले तर फुकट जाते, कारण क्लिक त्यानंतर पोहोचतो आणि कर्सर पुन्हा हलवतो. त्याची योग्य जागा क्लिक किंवा माऊसअप (माऊसचे बटण सोडल्यावरची) या घटनांमध्ये. रकाना रिकामा असेल तरच, ही अट घालावी. नाहीतर भरलेल्या नंबरातला एखादा अंक दुरुस्त करायला जाणाऱ्याला दर वेळी आरंभी फेकले जाईल. ही अट नुसत्या व्हॅल्यूवर, म्हणजे रकान्याच्या नोंदल्या गेलेल्या मूल्यावर, तपासली, तर नव्या नोंदीत अर्धवट टाइप केलेला रकानाही रिकामाच ठरतो, कारण रकाना सोडेपर्यंत व्हॅल्यू बदलत नाही. चालू मजकूर टेक्स्ट गुणधर्मात असतो.

डीबेस या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काळातही पिक्चर कलमाने असेच साचे बांधले जात. तिथे रकान्यात जायचे ते कळांनीच, त्यामुळे कर्सर आपोआप पहिल्या जागी येई. व्हिज्युअल फॉक्सप्रो या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये रकान्यात शिरताच मजकूर निवडण्यासाठी सिलेक्टऑनएंट्री हा स्वतंत्र गुणधर्म आहे.