फ्रांको बात्तियातो आणि ‘ला वोचे देल पाद्रोने’

फ्रांको बात्तियातो (२३ मार्च १९४५ – १८ मे २०२१) : इटालियन गायक, गीतकार, संगीतकार, पुढे चित्रकार आणि सिनेदिग्दर्शकसुद्धा. जन्म सिसिलीत, एत्ना ज्वालामुखीच्या परिसरात, आणि शेवटही तिथेच, मिलो गावात. सत्तरच्या दशकात मिलानमध्ये सिंथेसायझरचे प्रयोग केले (‘फेटस’, १९७२), मग पियानोच्या अवघड आधुनिक रचना, त्यातल्या एकीला जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेनच्या नावाचं पारितोषिकही मिळालं. १९७९ पासून मात्र व्हायोलिनवादक जुस्तो पिओला सोबत घेऊन तो पॉपकडे वळला.

‘ला वोचे देल पाद्रोने’ हा आल्बम सप्टेंबर १९८१ मध्ये इएमआय या रेकॉर्ड कंपनीने काढला. गाणी सातच, जेमतेम अर्ध्या तासाची. दहा लाखांवर खपलेला पहिला इटालियन एलपी हाच, असं सहसा मानलं जातं.

नावाचा अर्थ ‘मालकाचा आवाज’, आणि त्याच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक सरळ आहे : इटलीत एचएमव्ही कंपनी याच नावाने ओळखली जायची, म्हणजे आपल्याकडेही घरोघरी माहीत असलेली ती भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याची तबकडी, आणि एचएमव्ही इएमआयचीच, त्यामुळे हा संदर्भ नाकारता येत नाही. पण दुसरं मत जास्त पटतं, ते गूढवादी गुरू गुर्जिएफच्या शिकवणीतलं. त्याच्या दृष्टांतात माणूस म्हणजे एक बग्गी, शरीर ही गाडी, भावना हा घोडा, बुद्धी हा गाडीवान, आणि गाडीवान झोपेतून जागा झाला तरच त्याला आत बसलेल्या मालकाचा आवाज ऐकू येतो (कठोपनिषदातलं रथाचं रूपक आठवल्याशिवाय राहत नाही, तिथे मात्र इंद्रियं घोडे आहेत). याच आल्बममधल्या ‘चेंत्रो दी ग्राविता पेर्मानेंते’ गाण्यातला ‘कायमचा गुरुत्वमध्य’ हाही गुर्जिएफच्याच परंपरेतला शब्द, म्हणून नावामागेही तोच असावा असं मानायला जागा आहे.

आल्बममधल्याच ‘बांदिएरा बियांका’ (पांढरं निशाण) या गाण्याच्या ध्रुवपदातली पुलावर फडकणाऱ्या पांढऱ्या निशाणाची ओळ आर्नाल्दो फुसिनातोच्या कवितेतली, १८४९ मध्ये ऑस्ट्रियाच्या वेढ्यात व्हेनिस शरण गेलं त्यावरची. त्याच गाण्यात गायक बॉब डिलन आणि जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नो यांचे संदर्भही येतात, आणि हे सगळं लोकांनी नाचत-गात उचललं, हेच या आल्बमचं खरं मोठेपण. ‘कुक्कुरुकुकू’त मेक्सिकन गाण्याचा धागा आहे.

नंतर ‘जेनेसी’ (१९८७) हा ऑपेरा, ‘ला कुरा’ (१९९६) हे लोकप्रिय गाणं आणि तत्त्वज्ञ मान्लिओ स्गालांब्रोसोबतचं गीतलेखन.