ट्यूमरचं नाव ठरवणारं एन्झाइम

मेंदूच्या ट्यूमरची ग्रेड, म्हणजे तो किती घातक याची 1 ते 4 पायरी, पूर्वी फक्त मायक्रोस्कोपखाली ठरायची, म्हणजे पेशी किती वेड्यावाकड्या दिसतायत, किती वेगाने वाढतायत, मधेच मेलेला भाग आहे का वगैरे, आणि एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टची दोन मतं पडायची तीही वरचेवर.

मग 2008 मधे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अतिशय आक्रमक ट्यूमरचे जीन्स वाचताना आयडीएच1 नावाच्या एन्झाइममधला बिघाड सापडला. हे एन्झाइम तसं साधंच, आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवायचं एवढंच त्याचं काम. पण 132 व्या जागेवरचं आर्जिनिन जाऊन तिथे हिस्टिडिन आलं की ते भलतंच करायला लागतं, त्याच अल्फा-कीटोग्लुटारेटचं 2-हायड्रॉक्सीग्लुटारेट करत सुटतं. हा पदार्थ पेशीत साठला की डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा पुसणारी एन्झाइम्स अडतात आणि पेशी धड परिपक्वच होत नाही, नुसती विभागत राहते.

एवढं वाचून वाटेल की हा बिघाड म्हणजे वाईट बातमी, पण आहे उलटं! बिघाड असलेले पेशंट बिघाड नसलेल्यांपेक्षा साधारणपणे जास्त जगतात. म्हणूनच डब्ल्यूएचओने 2021 च्या वर्गीकरणात मोठ्या माणसांमधे ग्लायोब्लास्टोमा हे नाव फक्त आयडीएच नॉर्मल असलेल्या ट्यूमरसाठी ठेवलं. बिघाड असेल तर कितीही भयंकर दिसला तरी तो अॅस्ट्रोसायटोमाच, फार तर ग्रेड 4, आणि सोबत 1पी व 19क्यू हे क्रोमोसोम 1 आणि 19 चे दोन्ही तुकडे गळालेले असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. याउलट आयडीएच नॉर्मल असलेला अॅस्ट्रोसायटिक ट्यूमर दिसायला गरीब असला तरी टेलोमरेज या दुसऱ्या एन्झाइमच्या जीनचा स्विच म्हणजे टर्ट प्रमोटर बदललेला निघाला तर थेट ग्रेड 4. मला तरी हे मायक्रोस्कोपच्या भरवशापेक्षा प्रामाणिक वाटतं.

तपासणी अवघड नाही. बिघडलेल्या प्रोटीनलाच चिकटणारी अँटीबॉडी टाकली की ट्यूमरच्या पेशी तपकिरी होतात, निरोगी मेंदूत घुसलेली एकटीदुकटी पेशीसुद्धा उठून दिसते. फक्त रिपोर्टवर निगेटिव्ह आलं म्हणून आयडीएच नॉर्मलच असं नाही हां, कारण ही अँटीबॉडी 132 व्या जागेवर हिस्टिडिन येण्याचा तो एकच बदल ओळखते, तो सगळ्यात कॉमन असला तरी बाकीचेही असतात आणि आयडीएच2 या त्याच्या भावंड एन्झाइममधलेही, त्यामुळे पेशंट 55 च्या आतला असेल तर सिक्वेन्सिंग म्हणजे जीनची अक्षरं वाचायची तपासणी करून घ्यायलाच हवं.