बीपीची गोळी, भूक आणि वजन
प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी भूक खवळते आणि म्हणून वजन वाढतं, असं सर्रास ऐकायला मिळतं. गोम भुकेपेक्षा ऊर्जेच्या खर्चात आहे. २००२ साली ‘सायन्स’मध्ये आलेला प्रयोग बघा. बीटा-रिसेप्टर म्हणजे पेशींवरचे अ‍ॅड्रेनालिनचा संदेश घेणारे भाग; बीटा-ब्लॉकर हेच अडवतात. त्यांचे तिन्ही प्रकार जन्मतःच नसलेले उंदीर साध्या खाद्यावर जरासेच सुटले. चरबीयुक्त खाद्यावर मात्र बेसुमार लठ्ठ झाले, तेही इतरांपेक्षा जास्त न खाता! जादा अन्न उष्णता म्हणून जाळणंच त्यांना जमेना. अर्थात गोळीचा परिणाम इतका टोकाचा नसतो. प्रोप्रॅनोलॉल तिसऱ्या रिसेप्टरला फारसं शिवतही नाही. माणसांत सरासरी वाढ १.२ किलोच्या आसपास, तीही बहुतेक पहिल्या काही महिन्यांतली. तेवढ्यासाठी उपाशी राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. गोळी परस्पर बंद करणं तर त्याहून धोक्याचं.